बिस्मार्कने आधी सोडलेली, मग घेतलेली रेल्वे

(दृश्य: न्यूरेंबर्गचं रेल्वे संग्रहालय, ‘आडलर’ इंजिनाची प्रतिकृती)

7 डिसेंबर 1835. न्यूरेंबर्ग ते फ्युर्ट, जेमतेम 6 किलोमीटर. वाफेवर धावलेली जर्मनीतली पहिली गाडी. इंजिन इंग्लंडचं, पैसा भागधारकांचा. पुढे प्रशिया या मोठ्या जर्मन राज्यातही बरेचसे रूळ खासगी कंपन्यांनीच टाकले. सरकारने फक्त 1838 च्या कायद्यात एक मेख मारून ठेवली: 30 वर्षांनी लाइन विकत घेण्याचा हक्क आमचा.

(दृश्य: ऱ्हाइन नदी, पुलावरून जाणाऱ्या गाड्या)

कोलोनच्या समोरचा काठ, डॉइट्स. कोलोन-मिंडेन कंपनीची लाइन इथून निघायची. रूर खोऱ्यातला कोळसा वाहणारी, चांगली कमावती लाइन. तिचे शेअर ताब्यात घेण्याचा सरकारला हक्क होता. 1865 मध्ये सरकारने तो सोडला, कंपनीकडून सुमारे 1 कोटी 30 लाख थालर (तेव्हाचं प्रशियाचं चलन) घेऊन. ऑस्ट्रियाशी युद्ध तोंडावर आलेलं आणि विधिमंडळ पैसा द्यायला तयार नाही. पंतप्रधान कोण? ओटो फॉन बिस्मार्क. हो, तोच.

1871 मध्ये जर्मन साम्राज्य एक झालं, रेल्वे झाली नाही. कंपनीगणिक मालवाहतुकीचे दर वेगळे. परदेशी धान्याला सवलत, देशी शेतकऱ्याला चढा दर, ही बिस्मार्कची जुनी तक्रार. सगळ्या लाइनी साम्राज्याकडे घ्यायचा त्याचा बेत बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेंबर्ग या साम्राज्यातल्याच राज्यांनी हाणून पाडला. सॅक्सनीने तर 1876 मध्ये लाइपझिग-ड्रेस्डेन लाइन स्वतःच घेऊन टाकली! मग बिस्मार्कने निदान प्रशियापुरतं तरी करायचं ठरवलं. मंत्री आल्बर्ट फॉन मायबाख कामाला लागला. डिसेंबर 1879 च्या कायद्याने पहिल्याच फेरीत सरकारकडे आलेल्या कंपन्यांत कोलोन-मिंडेनही होती.

(दृश्य: बर्लिन, हाकेशर मार्क्ट स्थानक, विटांच्या कमानी)

या कमानी पाहा. शहराच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणारी ही श्टाटबान. आखणीत एक खासगी कंपनी भागीदार होती. 1873 च्या मंदीनंतर तिचा पैसा आटला. काम सरकारने अंगावर घेतलं आणि 7 फेब्रुवारी 1882 ला गाड्या सुरू केल्या. खासगी भांडवलाचे गोडवे गाणाऱ्यांनी या कमानींखालून एकदा चालत जावं.

1890 मध्ये बिस्मार्क पायउतार झाला, तोवर प्रशियातल्या बहुतेक मोठ्या लाइनी सरकारी झाल्या होत्या. नफा तिजोरीत येऊ लागला, करांसाठी विधिमंडळाची मनधरणी कमी झाली. कामगारांना मात्र संपाची मुभा नव्हती. सगळ्या जर्मनीची एकच रेल्वे व्हायला 1920 उजाडलं.