पंचाचं हस्ताक्षर

मंडळी, विषय दिलाय "फ्रेम नंबर आणि इंजिन नंबरवरून जुनी मोटरसायकल ओळखणे", आणि मी त्यावर येणारच आहे, पण आधी एक गोष्ट बोलून मोकळा होतो कारण ती बरीच वर्षं माझ्या मनात साचलीये. जुन्या गाड्या कुठेही उभ्या असू देत, पहिला माणूस वाकतो, इंजिनचा नंबर बघतो, मग हँडलखाली मुंडी घालून फ्रेमचा नंबर बघतो आणि उठून विचारतो, "मॅचिंग आहे का?" नसेल तर तोंड वाकडं करून पुढच्या गाडीकडे. अहो, पण त्या कंपनीने मुळात दोन्हीवर एकच नंबर मारलाच नसेल तर?

माझ्या एका मित्राकडे बीएसए या ब्रिटिश कंपनीची गोल्ड स्टार मोटरसायकल आहे, वडिलांची. वडील गेल्यावर पोत्यांखाली पडून होती, त्याने दोन वर्षं खपून ती उभी केली आणि एका मेळाव्यात नेली. तिथले परीक्षक जाणते होते, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांनी इंजिनवर वाचलं डीबीडी३४, फ्रेमवर वाचलं सीबी३२, आणि चारचौघांत सांगून टाकलं की ही दोन गाड्या जोडून केलेली गाडी आहे. वरवर बघितलं तर त्यांचं बरोबरच वाटतं, कारण गोल्ड स्टारमध्ये ३४ म्हणजे ५०० सीसी आणि ३२ म्हणजे ३५०, मग ५०० चं इंजिन ३५० च्या फ्रेममध्ये कसं? मित्र काही बोलला नाही, गाडीवर कव्हर टाकलं आणि घरी गेला. रात्री फोन, "विकून टाकतो रे, बाबांनी आयुष्यभर सांगितलं ओरिजिनल आहे, आणि ते खोटं निघालं." त्याचा आवाज ऐकून मला झोप लागली नाही हो.

सकाळी गेलो, टॉर्च घेतला आणि गाडीखाली आडवा झालो. उजव्या बाजूची खालची फ्रेमची नळी, ऑइल पंपापाशी, आत दबलेली, कुणी हातोडा मारल्यासारखी. मित्र म्हणाला तो अपघाताचा पोचा आहे, मेकॅनिक तर लांबी (पुट्टी) भरून सरळ दाखवायला निघाला होता! मी म्हटलं, थांब, याला हात लावू नकोस, हाच तुझा दाखला आहे. गोल्ड स्टारचा ऑइल पंप मोठा, त्याला जागा हवी म्हणून फॅक्टरीनेच ती नळी तिथे दाबलेली असते. बीएसएच्याच बी३१ किंवा ए१० या दुसऱ्या मॉडेलांच्या फ्रेमला तो बाक नसतो. आणि सीबी३२ चं म्हणाल तर स्विंगआर्म फ्रेमच्या (मागचं चाक वरखाली हलणाऱ्या दांड्यावर असतं ती) गोल्ड स्टारला, इंजिनच्या नंबरापुढची अक्षरं सीबी असो, डीबी असो, डीबीडी असो, ३५० असो की ५०० असो, फ्रेमवर सीबी३२च मारायचे. म्हणजे परीक्षकांनी ज्या खुणेवरून गाडी नाकारली तीच ती खरी असल्याची खूण होती. मित्र त्या बाकावरून बोट फिरवत किती तरी वेळ तसाच बसला होता.

(असंच ए१० चं. इंजिन ६५० चं आणि फ्रेमवर ए७, म्हणजे ५०० च्या मॉडेलचं नाव, की झाली ओरड. स्विंगआर्मच्या बहुतेक ए१० वर ए७ असतं, जीए७, ईए७ वगैरे. घाबरू नका.)

सांगायचा मुद्दा हा, की प्रत्येक कारखान्याची सवय वेगळी. ट्रायम्फच्या युनिट इंजिनवाल्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) गाड्यांना इंजिन आणि फ्रेमवर एकच नंबर, तिथे न जुळणं ही खरंच शंकेची गोष्ट. वेलोसेटचे दोन नंबर कधी जुळतच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या व्हिन्सेंट ट्विनला (दोन सिलिंडरच्या गाडीला) फ्रेमचा आकडा इंजिनच्या आकड्यापेक्षा १९०० ने जास्त, कुणी "जुळत नाही" म्हणाला की वजाबाकी करून दाखवा. हार्लेच्या १९७० च्या आधीच्या फ्रेमवर नंबरच नाही, इंजिनचा नंबर हाच गाडीचा नंबर, आता तिथे मॅचिंग शोधणार कुठे? आणि होंडा सीबी७५० ला इंजिनच्या नंबरात मधे ई असतो आणि पुढचे आकडेही बहुतेक वेळा वेगळे. युद्धातल्या बीएसए डब्ल्यूएम२० तर लष्कराच्या वर्कशॉपमध्ये कितीदा उघडल्या, कितीदा इंजिनं बदलली गेली, आता त्यांना मॅचिंगच्या तराजूत घालणं म्हणजे त्यांचा इतिहासच पुसणं आहे, मला हे फार लागतं, माफ करा, आवाज चढला.

आता चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं राहिली म्हणे. बरं, मूळ विषय भरभर सांगतो.

सगळ्यात आधी कानस आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. रंग पेंट रिमूव्हरने काढा, मऊ ब्रशने पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. आणि ठोकलेला नंबरच वाचा, धातूतून वर उठलेला नको, तो ओतकामाचा पार्ट नंबर असतो. मला लोक आठवड्याला एक तरी फोटो पाठवतात, "सर वर्ष सांगा", आणि फोटोत कास्टिंग नंबर.

मग अक्षर बघा. पूर्वी बरेच नंबर एकेक पंच (आकडा किंवा अक्षर उमटवायचा पोलादी ठसा) हातात धरून ठोकलेले असायचे, त्यामुळे ओळ थोडी वरखाली असली तर उलट बरं वाटतं. पण एकाच नंबरात दोन ३ असतील आणि दोन्हींचं वळण वेगळं असेल तर थांबा, एकाच माणसाने एकाच पंचाने मारलेले ३ सारखेच यायला हवेत. आजूबाजूचा पृष्ठभाग बघा, खाली बसलाय का, चकचकीत आहे का. १९६९ पासून ट्रायम्फने नंबरच्या पॅडवर बारीक बारीक ट्रायम्फ लोगोची नक्षी दिली, नंबर घासला की नक्षी पण जाते.

मगच नंबरावरून वर्ष सांगणारी यादी उघडा, आणि वर्ष म्हणजे मॉडेलचं वर्ष हे विसरू नका. ट्रायम्फ आणि बीएसएला त्याच काळात दोन अक्षरं आली, पहिलं महिना, दुसरं मॉडेलचं वर्ष. एनडी म्हणजे ऑक्टोबर आणि १९७० चं मॉडेल, पण गाडी बनली ऑक्टोबर १९६९ मध्ये, कारण नवं मॉडेल उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू व्हायचं. नॉर्टनला १९४६ ला ए, ४७ ला बी असं पुढे जातं, आय, ओ, क्यू वगळून. १९८१ पासून अमेरिकेत १७ अक्षरांचा नंबर आला, त्यात दहावं अक्षर वर्षाचं, आणि त्या अख्ख्या नंबरात हेच तीन वगळलेले.

क्रँककेस (इंजिनचं खालचं खोकं, ज्यावर नंबर असतो) फुटून नवा बसवला आणि जुनाच नंबर पुन्हा मारला, असंही होतं. ती लबाडीच असेल असं नाही, पण मालकाने सांगायला हवं. व्हिन्सेंटच्या क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांवर खाली जोडीच्या खुणा असतात, हार्लेला क्रँककेसच्या पोटाखाली बेली नंबर, ते बघा. आणि नक्की करायचं असेल तर कारखान्याची रवानगीची वही, ब्रिटिश गाड्यांच्या बऱ्याच वह्यांच्या नोंदी व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या लायब्ररीत आहेत, तिथून तारखेचा दाखला मिळतो.

वेळ संपली. टेबलावर दोन क्रँककेस ठेवलेत, एकाचा नंबर फॅक्टरीचा आहे, एकाचा नंतर ठोकलेला. टॉर्च तिथेच आहे, तिरपा धरा. कुठला कुठला ते मी सांगणार नाही, ज्याला कळेल त्याने माझ्या कानात येऊन सांगा.