लपवलेला कोर्स जतन झालेला नसतो

(दृश्य: पडद्यावर कोर्सची लांबच लांब यादी सरकते.)

सत्र संपलं, निकाल लागले. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवरचा कोर्स मात्र तिथेच आहे: व्याख्यानांच्या पीडीएफ, क्विझ, विद्यार्थ्यांनी जमा केलेलं काम आणि ग्रेडबुक, म्हणजे गुणांची वही.

बऱ्याचदा अशा कोर्सवर एकच इलाज होतो, तो लपवणं. विद्यार्थ्यांना तो दिसेनासा होतो, पण शिक्षकाला दिसतो आणि बदलताही येतो. दोन वर्षांनी गुणांबद्दल तक्रार आली, तर ग्रेडबुक तेव्हाचंच आहे हे ठामपणे सांगणार कसं? कोर्सची शेवटची तारीख भरूनही हे साधत नाही. ती उलटली की कोर्स मागील कोर्सच्या यादीत सरकतो. नोंदणी चालू असेल, तर विद्यार्थी पुन्हा आत जाऊ शकतो.

वाचता यावं पण बदलता येऊ नये, यासाठी मूडलमध्ये गोठवण्याची वेगळी सोय आहे. अॅडमिनला ती आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते. मग सत्राची अख्खी कॅटेगरी, म्हणजे कोर्सचा गट, गोठवली, की तिच्या पोटातले सगळे कोर्स एकदम गोठतात.

(दृश्य: बॅकअपचा पहिला टप्पा. कर्सर एका रिकाम्या चौकटीवर थांबतो.)

आता बॅकअप. सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती लगेच कळत नाही. मूळ सेटिंगनुसार शिक्षकाला विद्यार्थ्यांच्या माहितीसह बॅकअप घेण्याची परवानगी नसते, मॅनेजरला असते. शिक्षकाने घेतलेली फाइल व्यवस्थित तयार होते, डाउनलोडही होते. तिच्यात क्विझचे प्रश्न असतात, पण एकाही विद्यार्थ्याचं उत्तर नसतं. त्या भरवशावर नव्या तुकडीसाठी कोर्स रिसेट केला, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांची माहिती पुसली, की गुण आणि जमा केलेलं काम, दोन्ही जातं. रिसायकल बिनमध्येही ते सापडत नाही. तिथे काढून टाकलेल्या अॅक्टिव्हिटी येतात, रिसेटने पुसलेले प्रयत्न येत नाहीत.

म्हणून आधी जतनाचा बॅकअप मॅनेजरने घ्यावा, विद्यार्थ्यांसह. नव्या तुकडीला सामग्री हवी असेल, तर मूळ कोर्सला हात न लावता त्याची प्रत करावी, विद्यार्थ्यांशिवाय.

(दृश्य: एमबीझेड, म्हणजे मूडलच्या बॅकअपची फाइल, उलगडते. फोल्डरमध्ये अक्षर-अंकांची लांब नावं.)

एमबीझेड फाइल आतून पाहण्यासारखी असते. उलगडल्यावर व्याख्यानाची पीडीएफ तिच्या नावाने सापडत नाही. मूडल प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून 40 अक्षर-अंकांची खूण काढतं आणि तेच तिचं नाव होतं. मूळ नाव वेगळ्या एक्सएमएल यादीत लिहिलेलं असतं. त्यामुळे एकच पीडीएफ 12 कोर्समध्ये चढवली, तरी सर्व्हरवर ती एकदाच साठते. बॅकअपमध्ये मात्र प्रत्येक कोर्सबरोबर तिची नवी प्रत बांधली जाते. दर आठवड्याला आपोआप बॅकअप घेणाऱ्या सर्व्हरची डिस्क यामुळेही भरते. जतनाच्या फाइल लगेच दुसऱ्या साठवणीत हलवाव्यात.

बॅकअपमध्ये न येणाऱ्या गोष्टीही आहेत. बाहेरच्या ड्राइव्हवरची किंवा व्हिडिओ सेवेवरची सामग्री फक्त लिंक म्हणून येते. ती तिकडून काढली, की आपल्याकडे उरते मेलेली लिंक. अशा फाइल मिळवून आधी कोर्समध्ये ठेवाव्यात. ग्रेडबुक स्प्रेडशीटमध्येही उतरवून घ्यावं. ते वाचायला मूडल लागत नाही.

(दृश्य: चाचणीची साइट, रिस्टोर पूर्ण झाल्याचा संदेश.)

बॅकअपमधून कोर्स परत उभा करून, म्हणजे रिस्टोर करून, पाहिल्याशिवाय बॅकअपवर विसंबू नये. त्यासाठी चाचणीची वेगळी साइट हवी. जुन्या आवृत्तीचा बॅकअप साधारणपणे नव्यात उघडतो, उलट्या दिशेने भरवसा नाही. कोर्समध्ये वापरलेले प्लगइन, म्हणजे मूडलला वरून जोडलेल्या सोयी, त्या साइटवर नसतील, तर त्या अॅक्टिव्हिटी परत येत नाहीत. कोर्सचं शॉर्टनेम, म्हणजे छोटं ओळखनाव, आधीच वापरात असेल, तर त्यापुढे शेपूट जोडलं जातं. म्हणून शॉर्टनेममध्ये सुरुवातीपासूनच वर्ष आणि सत्र लिहावं.

मग चार गोष्टी मूळ कोर्सशी ताडून पाहाव्यात: विद्यार्थ्यांची संख्या, एका विद्यार्थ्याचा क्विझचा प्रयत्न, जमा केलेली एक फाइल उघडते का, आणि ग्रेडबुकची एकूण बेरीज. चारही जुळल्यानंतरच मूळ कोर्स डिलीट करावा. त्यानंतरही, मूळ सेटिंग असेल तर, तो कॅटेगरीच्या रिसायकल बिनमध्ये 7 दिवस राहतो.