वीस मिलिमीटरचं कव्हर

काँक्रीटचा तुकडा आत्ताच फोडलाय. ताज्या फोडीवर लगेच ही फवारणी करायची असते. बाटलीत फिनॉल्फ्थॅलिन आहे, पाण्यासारखंच दिसणारं. आता बघा. आतला भाग गर्द गुलाबी झाला आणि कडेचा पट्टा राखाडीच राहिला. सळई नेमकी त्या राखाडी पट्ट्यात आहे.

गुलाबी म्हणजे तिथलं काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे. तोवर सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि हा अल्क संपवत जातो. तो सळईपर्यंत पोचला, त्यात ओल मिळाली, की गंज सुरू. गंजाला मूळ पोलादाहून कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतून ढकलतो. सज्जाखालचा हा पापुद्रा असाच सुटलाय.

हा वायू किती खोल जाणार, ते वर्षांच्या वर्गमुळावर ठरतं. सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरच्या काँक्रीटच्या थराची जाडी, दुप्पट, तर वायूला पोचायला वर्षं चौपट. उलटंही तितकंच खरं. नकाशावर ४० मिलिमीटर आणि प्रत्यक्षात २०, तर वर्षं एक चतुर्थांश! हा कव्हर ब्लॉक, म्हणजे तेवढं अंतर राखायला सळईखाली ठेवायचा ठोकळा, मुठीत मावतो. तो सरकवायचा राहिला, की इमारतीचं आयुष्य स्लॅब भरला त्याच सकाळी घटलं. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा ४३ मीटर रुंदीचा काँक्रीटचा घुमट सुमारे १९०० वर्षं उभा आहे. त्यात गंजायला सळईच नाही.

आता ही भिंत उतरवतायत. वीट चुन्यातली आहे. छिन्नीचे दोन ठोके, चुना सुटला, वीट अख्खी हातात. शेजारची सिमेंटमधली. तिथे सांधा विटेहून पक्का, म्हणून फुटली ती वीटच. फोनमध्ये हेच दिसतं. बॅटरी चिकटवलेली, काढायची तर आधी तापवा, मग पातळ पट्टीने उचका. स्क्रू दिले असते तर काही मिनिटांचं काम होतं. वस्तू पुढे उघडावी लागणार, हे आराखडा काढणाऱ्याला माहीत असतं. मग तशी सोय त्याने पहिल्याच रेघेपासून करायला हवी.

इमारत लवकर पडली की पुन्हा नवं सिमेंट लागतं, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के आहे.

चुना खरवडून झाला. विटांची थप्पी लागली. त्यातली पहिली वीट नव्या भिंतीत बसतेय, याही वेळी चुन्यातच.