पाच गुणांचा मानकरी: स्नूकरचा १९८१-८२ चा हंगाम

श्रोतेहो, नमस्कार.

स्नूकर हा खेळ जन्माने आपल्या भूमीतला. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो बिलियर्ड्सच्या टेबलावर जुळवला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण या खेळाला पैसा आणि प्रसिद्धी लाभली ती इंग्लंडमध्ये, आणि तीही रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर. कृष्णधवल पडद्यावर हिरवा चेंडू कोणता आणि तपकिरी कोणता, हे प्रेक्षकाने ओळखायचे तरी कसे? तो पैसा आणि ती प्रसिद्धी ऐन भरात येत होती, त्या १९८१-८२ च्या हंगामाविषयी आज बोलायचे आहे. या हंगामात सर्वांत अधिक जिंकणारा खेळाडू आणि हंगामाअखेर क्रमवारीत पहिला आलेला खेळाडू हे दोघे वेगळे होते.

जिंकणारा होता स्टीव्ह डेव्हिस. १९८१ च्या वसंतात तो पहिल्यांदा जगज्जेता झाला होता आणि शरद ऋतूत त्याने प्रतिस्पर्ध्यांची दाणादाण उडवली. डर्बीच्या जेमसन स्पर्धेत त्याने अंतिम सामन्यात डेनिस टेलरला ९-० अशा फ्रेमनी (फ्रेम म्हणजे एक डाव) हरवले, तर प्रेस्टनच्या यूके स्पर्धेत वेल्सच्या टेरी ग्रिफिथ्सला १६-३ असे. पुढे वेम्बलीतली मास्टर्स स्पर्धाही त्याने ग्रिफिथ्सलाच हरवून जिंकली. मात्र ग्रिफिथ्सनेही उट्टे काढले: ओल्डहॅमच्या लाडा क्लासिकमध्ये त्याने डेव्हिसला ९-८ असे नमवले आणि आयरिश मास्टर्सचा अंतिम सामनाही त्याच्याकडून हिसकावून घेतला.

याच ओल्डहॅममध्ये, ११ जानेवारी १९८२ रोजी, डेव्हिसने जॉन स्पेन्सरविरुद्ध १४७ गुणांचा ब्रेक केला, म्हणजे एकाच खेपेत सलग १४७ गुण मिळवले. पंधरा लाल चेंडू, प्रत्येकी एका गुणाचे, आणि प्रत्येक लालनंतर सात गुणांचा काळा, म्हणजे झाले १२० गुण. मग उरलेल्या सहा रंगांचे २७. मध्ये एकही चूक नाही, प्रतिस्पर्धी खुर्चीत बसून पाहतो आहे. दूरचित्रवाणीवर दिसलेला हा पहिला १४७. बक्षीस म्हणून डेव्हिसला प्रायोजकांची मोटार मिळाली. त्या खुर्चीत बसलेल्या स्पेन्सरने स्वतः तीन वर्षांपूर्वी स्लाउ येथे असाच ब्रेक केला होता. पण तेव्हा कॅमेरेवाले विश्रांतीला गेले होते, त्यामुळे त्याचे चित्रणच झाले नाही. नशीब रुसले म्हणतात ते असे.

एप्रिल-मे महिन्यांत शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्पर्धा भरली. या वर्षी प्रथमच तिथे बत्तीस खेळाडू होते. पहिल्याच फेरीत पात्रता सामने खेळून आलेल्या टोनी नोल्सने गतविजेत्या डेव्हिसला १०-१ असे उडवले. हा निकाल ऐकून अनेकांना आकडे उलटे वाचले गेले असेच वाटले असेल.

मैदान मोकळे झाले आणि ॲलेक्स हिगिन्स पुढे आला. उपांत्य सामन्यात वीस वर्षांचा जिमी व्हाइट १५-१४ असा पुढे होता आणि त्या फ्रेममध्ये त्याचे ५९ गुण झाले होते, हिगिन्सचे शून्य. पुढची एक चूक म्हणजे घरचा रस्ता. हिगिन्स टेबलाशी आला, आणि त्यानंतर जे घडले त्याला सुबक खेळ म्हणता येणार नाही. जवळजवळ प्रत्येक फटक्यानंतर पांढरा चेंडू भलत्याच जागी जाऊन थांबे, आणि पुढच्या अशक्यप्राय फटक्याने हिगिन्स स्वतःला त्यातून सोडवी. असे करत त्याने ६९ गुण जमवले, फ्रेम जिंकली आणि पुढची निर्णायक फ्रेमही घेतली. अंतिम सामन्यात एकोणपन्नास वर्षांच्या रे रिअर्डनशी १५-१५ अशी बरोबरी असताना त्याने सलग तीन फ्रेम जिंकल्या. शेवटच्या फ्रेमचा ब्रेक होता १३५ चा. मग रडत रडत त्याने आपल्या तान्ह्या मुलीला जवळ आणायला सांगितले. लोकांच्या लक्षात राहिले ते हेच दृश्य.

मला मात्र त्यानंतरचा हिशेब अधिक रंजक वाटतो. त्या काळी क्रमवारी फक्त मागच्या तीन जागतिक स्पर्धांवरून ठरत असे: विजेत्याला पाच गुण, उपविजेत्याला चार आणि पुढे उतरत्या क्रमाने. डर्बी, प्रेस्टन, वेम्बली यांचे मोल शून्य. त्यामुळे डेव्हिसच्या पदरी पडले सात गुण आणि चौथा क्रमांक. हिगिन्सचे दहा होत होते, पण गैरवर्तनाबद्दल संघटनेने त्याचे दोन गुण कापले आणि नऊ गुणांचा रिअर्डन पहिला ठरला. त्याने तर जागतिक अंतिम सामना गमावला होता!

ही पद्धत तशीच चालणे कठीण होते. पुढच्या हंगामापासून आणखी दोन स्पर्धांना क्रमवारीचे गुण देण्यात आले. त्यांतली पहिली, डर्बीची, जिंकली टोनी नोल्सने.