तिथी बघून निघा

(दृश्य : गेटवे ऑफ इंडिया, दिवस उगवायच्या आधी. धक्क्याच्या पायऱ्यांवर आदळणारं पाणी.)

मुंबईत राहणाऱ्या माणसाला अलिबाग नवीन नाही. ऑफिसची सहल, कॉलेजचा ग्रुप, घरी आलेले पाहुणे, या ना त्या निमित्ताने आपण सगळेच तिकडे जाऊन आलेलो असतो. आणि तरीही, अलिबागसमोर समुद्रात, ओहोटीला चालत जाता येईल असा जो कुलाबा किल्ला आहे, "तो आतून पाहिला का?" असं विचारलं की निम्मे लोक म्हणतात, नाही हो, पाणी होतं.

पाणी होतं, कारण आपण ते बघून निघालो नव्हतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण लाल रंगातली सुट्टी शोधतो. त्याच चौकोनात बारीक अक्षरांत तिथी छापलेली असते, तिच्याकडे नजर जात नाही. किनाऱ्यावरच्या एका दिवसाचं सगळं वेळापत्रक त्या बारीक अक्षरांत असतं.

हिशेब सोपा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, त्या सुमाराला पूर्ण भरती. आज वद्य षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती झाली, पुन्हा दुपारी साडेचार-पाचला होईल, आणि मधे, साडेदहा-पावणेअकराला, पाणी सगळ्यात खाली असेल. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून तिथे पोचल्यावर किनाऱ्यावरच्या माणसांना एकदा विचारायचंच.

पाऊणपटच का? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. ज्याने कोणी हे पहिल्यांदा बसवलं, त्याच्याकडे घड्याळ नसेल, पण नजर मात्र होती.

(दृश्य : लाँच सुटते. मागे पडत जाणारी मुंबई, भोवती सीगल.)

गेटवेहून मांडव्याला लाँचने तासाभरात पोचता येतं. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो बोटही सुरू आहे, गाडी न्यायची असेल तर ती बरी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा पेण-वडखळचा रस्ता. पण खरं सांगते, ही सहल पावसाळ्यात करूच नये. मांडव्याहून अलिबागेत यायला बस मिळते.

पाणी उतरायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात समुद्राजवळच्या या आवारासमोर थांबू. ही अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी मुंबईत, कुलाब्याला होत असे. मग मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने नाजूक उपकरणांची मोजमापं बिघडली असती, म्हणून 1904 साली वेधशाळा खाडीपलीकडे इथे आणली. ट्राम 1907 साली धावू लागल्या, 1964 साली बंदही झाल्या. इथली नोंद मात्र थांबलेली नाही. इमारतीतसुद्धा लोखंडासारखं चुंबकाला ओढ लावणारं काही वापरलेलं नाही. मला गंमत वाटते ती नावाची. कुलाब्यातून निघालेली वेधशाळा पुन्हा कुलाब्यातच आली, कारण 1981 पर्यंत या अख्ख्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. तो आज रायगड आहे.

(दृश्य : अलिबागचा किनारा. काळसर ओली वाळू. समोर किल्ला.)

आता खाली वाळूकडे बघा. कॅमेरा अगदी जवळ नेला आहे. हे एवढंसं भोक, हरभऱ्याच्या दाण्याएवढं, आणि त्याभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी. हे काम एका चिमुकल्या खेकड्याचं. ओहोटी लागली की तो बिळातून वर येतो, वाळू तोंडाशी धरून तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून बाजूला ठेवतो. गोळी, पुन्हा गोळी. भरती आली की सगळी रांगोळी पुसली जाते, आणि पुढच्या ओहोटीला तो पहिल्यापासून मांडतो. पाऊल वाजलं की आत. हलू नका, एक मिनिट थांबा. आला बघा.

पुढे वाळू संपते आणि खडक लागतो. खडकाला चिकटलेली कालवं धारदार असतात, तेव्हा अनवाणी चालू नका. षष्ठी म्हणजे भांगाकडे, म्हणजे कमी भरती-ओहोटीकडे, झुकलेले दिवस. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी जेवढं खाली जातं, तेवढं आज जाणार नाही. घोट्याला, कुठे कुठे पोटरीला पाणी लागेल. पण उधाणाची ओहोटी सकाळी पाच-सहाला नाहीतर संध्याकाळी पाच-सहाला येते आणि भरदुपारी किल्ल्याभोवती समुद्र असतो. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर चतुर्थी ते सप्तमी हेच दिवस सोयीचे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी आहे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्यांदा पौर्णिमेला आले होते, दुपारी बारा वाजता. किनाऱ्यावरूनच किल्ला बघून परतले. दुसऱ्यांदा पाणी उतरलेलं होतं म्हणून खुशाल आत गेले आणि आतच रमले. बाहेर आले तेव्हा खडक दिसेनासे झाले होते. मी निम्म्या वाटेत असताना पाणी कमरेला लागलं. मागून कालवं काढून परतणारी एक कोळीण आली. तिने माझी पिशवी स्वतःच्या डोक्यावरच्या पाटीत टाकली, माझं मनगट धरलं आणि चालता चालता एवढंच विचारलं, "तिथी बघून नाय आलीस काय गो?" त्या दिवसापासून मी तिथी बघते.

(दृश्य : महादरवाजा, मग तटबंदी जवळून.)

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1680 साली हाती घेतलं आणि ते पुरं झालं संभाजी महाराजांच्या काळात. पुढे हाच सरखेल कान्होजी आंग्रे यांचा मुख्य तळ झाला. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले, तरी कुलाबा त्यांच्या हाती लागला नाही. कान्होजींची समाधी अलिबाग गावात आहे, परतताना तिथे जरूर जा.

आता तटाला हात लावा. हे प्रचंड दगड एकावर एक नुसते रचले आहेत, सांध्यांत चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तट पाण्याला थोडी वाट देतो, म्हणून तीनशेहून जास्त वर्षं उभा आहे.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. चारी बाजूंना खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याचं तळं आहे. उत्तरेच्या टोकाला चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या. त्यांच्यावरची अक्षरं अजून वाचता येतात. तिथेच उभं राहून उत्तरेला बघितलं की थळसमोरचे उंदेरी आणि खांदेरी दिसतात. खांदेरी 2025 साली जागतिक वारसा यादीत गेला. तिकडे मात्र कुठल्याच तिथीला चालत जाता येत नाही, थळहून होडीच करावी लागते.

पावणेबारा झाले. शेजारच्या छोट्या सर्जेकोट किल्ल्याकडे जाणाऱ्या बांधाशी मघाशी जो खडक कोरडा होता, त्याच्या कडेने पाणी फिरायला लागलं आहे. अजून लाट अशी नाही, फक्त फेसाची एक बारीक रेघ पुढे सरकते आहे. निघायचं.

(दृश्य : परतणारी माणसं. घोडागाडीचं चाक पाण्यात.)

बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या आहेत. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. भाताच्या कापणीनंतर त्याच वावरात तो लावतात आणि उन्हाळ्यात या माळा रस्त्याकडेला दिसू लागतात. पात वेणीसारखी घट्ट विणलेली असते. कच्चा खाऊन बघा, तिखट नाही, गोडसर आहे. एक माळ घेतली.

साडेचारला मांडव्याच्या धक्क्यावर पोचलो, तेव्हा पूर्ण भरती होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या.