टॉवेल उभा राहतोय? सॉफ्टनरची बाटली आणायच्या आधी हे बघा

(वाळलेला टॉवेल टेबलावर उभा करते. तो उभाच राहतो.)

बघितलं का? आधार नाही, काही नाही. पापड तरी मोडतो, हा मोडतही नाही. काल संध्याकाळी गच्चीवरनं काढलाय, खळ नाही की इस्त्री नाही.

नमस्कार मंडळी. बऱ्याच जणींनी विचारलं होतं की कपडे मऊ करायच्या सॉफ्टनरच्या ऐवजी घरातलं काय वापरता येईल. सांगते. पण नुसतं “हे घाला, ते घाला” सांगितलं तर तुमच्याकडं ते चालेलच असं नाही. का, ते माझ्याच घरावरनं कळेल.

लग्नाआधी मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. तिथं नळाचं पाणी. लग्न होऊन पाचगावकडं आले, अपार्टमेंटला बोअर. माहेरहून आणलेले टॉवेल तेच, पावडर तीच, आणि दोन महिन्यांत त्या टॉवेलांची घोंगडी झाली. अंग पुसायचं म्हणजे अंग घासल्यासारखं. सासूबाईंनी दुकानातनं निळी बाटली आणली. पहिल्या धुण्याला काय सांगू, लोण्यासारखा टॉवेल! वर वास असा की शेजारच्या काकूंनी विचारलं, आज काय विशेष.

महिन्याभरानं माझा दीर तालमीतनं आला आणि टॉवेल माझ्यापुढं धरला. “वहिनी, ह्यो घाम पुसतच नाही, नुसता अंगावरनं फिरवतोय.” मला वाटलं उगाच कुरकुर करतोय. पण पैलवानाचा टॉवेल म्हणजे दिवसातनं दोनदा परीक्षा. तो बरोबर होता.

आता हे बघा. (दोन पट्ट्या, एका वाटीत खायचा लाल रंग घातलेलं पाणी.) एकाच जुन्या टॉवेलाच्या दोन पट्ट्या कापल्यात. डावीकडची साधी धुतलेली, उजवीकडची चार वेळा सॉफ्टनरमधनं काढलेली. दोन्हींची टोकं पाण्यात सोडते. डावीकडं रंग सरसर वर चढतोय. उजवीकडं बघा, चढायलाच तयार नाही.

सॉफ्टनरच्या रेणूला एक डोकं असतं आणि बहुतेक वेळा दोन लांब शेपट्या. डोक्यावर धन भार, शेपट्या चरबीच्या. पाण्यातल्या सुती धाग्यावर थोडा ऋण भार असतो, म्हणून डोकं धाग्याला चिकटतं आणि शेपट्या बाहेर राहतात. थोडक्यात, धाग्याला तेल लावलं. केसाला तेल चोपडलं की केस मऊ लागतात आणि पाणी वरनं घरंगळतं, तसंच. मऊपणा आणि पाणी न शोषणं, दोन्ही एकाच थराची करामत आहे. एक पाहिजे आणि दुसरं नको, असं म्हणून चालत नाही.

ती बाटली शेवटच्या पाण्यातच का घालायला सांगतात, तेही ह्यातच आलं. पावडरचा भार ऋण, सॉफ्टनरचा धन. दोन्ही एकत्र आले की एकमेकांनाच चिकटतात आणि कपड्यावर डाग उठतात.

ती चरबी कुठली, हे शाकाहारी घरांनी एकदा विचारून घ्यावं. पूर्वी मुख्यतः जनावरांची, टॅलो. आता पाम तेलाचीही असते. 1950 च्या सुमारास ही रसायनं घराघरात आली. त्यातलं जुनं रसायन पाण्यात लवकर कुजत नव्हतं, म्हणून 1990 च्या दशकात युरोपात ते मागं पडलं आणि एस्टरक्वाट नावाचा प्रकार आला. हा बऱ्यापैकी लवकर विघटन पावतो. त्यामुळं “सॉफ्टनर म्हणजे विष” असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या घरात त्याची गरजच कमी आहे. आणि मोरीतलं पाणी शेवटी जयंती नाला काय, दुसरा कुठला नाला काय, पंचगंगेच्याच वाटेला लागतं. खाली नदीत केंदाळ किती माजतं ते आपण बघतोच. त्यात अजून एक बाटली कशाला?

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. लहान पोरांच्या रात्रीच्या कपड्यांना सॉफ्टनर नको. त्या थरामुळं कापड लवकर पेट घेऊ शकतं. बऱ्याच बाटल्यांवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं.

बरं, मग टॉवेल कडक होतो कशानं?

शाळेत आपण “सुफेन” आणि “दुष्फेन” पाणी शिकलो होतो. मार्कांपुरतं पाठ केलं आणि विसरलो. फेन म्हणजे फेस. ज्या पाण्यात फेस नीट येत नाही ते दुष्फेन, म्हणजे आपलं जड पाणी. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरे खवले चढतात, ते. बोअरचं पाणी खडकाच्या भेगांमधनं मुरत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. धरणाचं पाणी वेगळं. राधानगरी, काळम्मावाडी म्हणजे सह्याद्रीवर कोसळलेला पाऊसच की. त्याला क्षार गोळा करायला वेळ कुठला? काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं 2023 मध्ये शहरात आलं. ज्यांच्या नळाला ते आहे, त्यांचं निम्मं काम तिथंच झालं.

तुमचं पाणी कसलं आहे ते घरात बघता येतं. पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा कीस चिमूटभर टाका, झाकण लावून दहा-बारा वेळा हलवा. (दोन बाटल्या हलवते.) ही माहेरच्या नळाची. वर फेस, खाली पाणी जवळजवळ स्वच्छ. ही आमच्या बोअरची. फेस नावाला, आणि पाणी ताकासारखं, वर साय आल्यागत. ती साय म्हणजे साबण आणि कॅल्शियम एकत्र येऊन झालेली राड. साबणाचीच वडी घ्या हं, डिटर्जंट पावडरनं हा खेळ जमत नाही.

आता ही राड धाग्यात अडकून वाळते तेव्हा काय होईल ते सांगायला नको. पावडर वापरली तर राड कमी होते, पण बहुतेक पावडरींमध्ये धुण्याचा सोडा असतो. तो क्षारांना खडूसारखं खाली बसवतो आणि त्यातला थोडा कपड्यावरच बसतो. शिवाय आपला हात सैल. फेस आला नाही की अजून एक चमचा. छातीला हात लावून सांगते, बऱ्याच घरांत टॉवेल कडक होतो तो जास्तीच्या पावडरनं.

खोटं वाटतं? (बादलीत गरम पाणी, धुऊन वाळवलेला टॉवेल बुडवते.) पावडर घातलेली नाही, साबण नाही. नुसतं गरम पाणी. आता खळबळते. आला का फेस? ही मागच्या चार धुण्यांची उधारी.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. पावडर निम्मी करा आणि एक पाणी जास्त काढा. बोअरवाल्यांनी शेवटचं पाणी तरी नळाचं किंवा पावसाचं घेता आलं तर घ्यावं. पाचगावात पाण्याची बोंब असते, मला माहितीय, म्हणून जास्तीच्या पाण्याचं मी जपूनच सांगते. पावडर कमी करायला मात्र पाणी लागत नाही.

दुसरा उपाय लिंबूसत्त्व. सायट्रिक ॲसिड हो. लक्ष्मीपुरीत कुठल्याही किराणा दुकानात सुटं मिळतं. एक लिटर पाण्यात 60 ग्रॅम, म्हणजे सपाट चार-पाच मोठे चमचे, विरघळवून प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीत भरून ठेवायचं. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, सरबत समजून कुणी प्यायला नको. शेवटच्या पाण्याच्या बादलीत ह्यातलं अर्धी वाटी, साधारण 100 मिलिलिटर. मशीन असेल तर सॉफ्टनरच्या कप्प्यात तेवढंच. पावडरबरोबर नाही, शेवटच्याच पाण्यात. पावडरला अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट, सोड्यासारखं, लागते आणि हे आम्ल. दोन्ही एकदम घातलं तर दोघंही गारद.

हे काय करतं? कॅल्शियमला धरून ठेवतं, बसलेला खडू विरघळवतं, उरलेली अल्कली मारतं. म्हणजे धाग्यावर काही लावत नाही, धाग्यावरचं काढतं. माझ्या मते सगळी गंमत इथंच आहे. आपण शोधत बसतो की मऊ व्हायला काय घालू, आणि करायचं असतं ते काढायचं काम.

पांढरं व्हिनेगर, पाच टक्क्यांच्या आसपासचं, हेच काम करतं. माप तेवढंच. ओल्या कपड्याला वास येतो, वाळला की जातो. मला लिंबूसत्त्व बरं वाटतं. स्वस्त पडतं आणि स्वयंपाकघरात लोणच्याच्या कारखान्यासारखा वास येत नाही. ताजं लिंबू पिळू नका, त्यातली साखर आणि गर कपड्यात राहतो.

तीन सावधगिऱ्या. ब्लीचबरोबर आम्ल कधीही, कधीही नाही. त्यातनं क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत जिवावर बेतू शकतं. त्या दिवशी कपड्याला ब्लीच लावलं असेल तर ही बाटली कपाटातच राहू दे. आणि जरीच्या साडीला मी हे लावत नाही. आम्लानं जरीची झळाळी जाते. मशीनच्या रबराला जपायचं असेल तर मापाच्या वर जाऊ नका.

आता जे चालत नाही ते. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घालायचा व्हिडिओ सगळीकडं फिरतोय. फसफस मोठी होते, बघायला मजा येते. पण आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात, मागं उरतं जवळजवळ खारं पाणी. तुरटी फिरवा म्हणतात. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, पाण्याचा जडपणा जात नाही. केसांचं कंडिशनर पाण्यात कालवून वापरा, हा तर कहरच. त्यातही तोच धन भाराचा रेणू, म्हणजे बाटली बदलली, माल तोच. आणि ड्रायरमध्ये टाकायचे लोकरीचे गोळे! अहो, आपला ड्रायर म्हणजे गच्चीवरची दोरी. त्यावर गोळे कुठं ठेवू?

रिठ्याचं काय, असं विचारणार तुम्ही. रिठा हा खरा तर साबण, सॉफ्टनर नव्हे. पण त्यातलं सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारं द्रव्य, जड पाण्यातल्या क्षारांशी तशी राड करत नाही, म्हणून कपडा मऊ राहतो. आठ-दहा रिठे फोडा, बी काढून टाका, टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा, गाळा. रेशमी साडीला, लोकरीच्या स्वेटरला ह्याच्यासारखं दुसरं नाही, कारण सोड्याची अल्कली त्यांना सोसत नाही. पण तांबड्या रश्श्याचा डाग ह्यानं निघेल ही अपेक्षा सोडा. पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर दोन दिवसांत आंबतं. डोळ्यात गेलं तर आग होते.

आणि नैसर्गिक आहे म्हणून ते पाणी रंकाळ्यात ओतायचं नाही. सॅपोनिन माशांना मारक आहे. पूर्वी मासे धरायला असली फळं पाण्यात टाकायचे. झाडावरनं आलं म्हणजे सोज्वळ, असं काही नसतं.

आता वाळत घालणं. ह्याला कुणी उपाय म्हणत नाही, पण माझी आजी हेच करायची. कपडा दोरीवर टाकायच्या आधी दोन्ही टोकं धरून जोरात झटकायचा. फाट् असा आवाज आला पाहिजे. सुती कापड स्तब्ध वाळलं की थोड्याशा उरलेल्या ओलाव्यानं धागे एकमेकांना चिकटून बसतात. वाऱ्यावर हलत वाळलेला टॉवेल म्हणून मऊ. तर झटकून घाला, कडक उन्हात दिवसभर भाजत ठेवू नका, वाळला की काढा आणि घडी घालायच्या आधी पुन्हा एकदा झटका. पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. तो जंतूंचा वास, सुगंधानं झाकला जातो, जात नाही. तेव्हा कपडे दाटीनं न घालता पंख्याखाली लवकर वाळवणं हाच इलाज.

एक जाता जाता. आजीच्या काळी कपडा मऊ व्हावा असं कुणाला वाटतच नव्हतं. टोपी, धोतर, फेटा, सगळ्याला खळ. भाताची पेज राखून ठेवायची खास त्यासाठी. कडक कपडा म्हणजे इभ्रत. पट्टणकोडोलीची घोंगडी बघा, तिला चिंचोक्याची खळ देतात, ती टोचते म्हणूनच घोंगडी. तिला कुणी सॉफ्टनर लावला तर मी त्या घरी जेवायला जाणार नाही.

(दुसरा टॉवेल टेबलावर उभा करायला जाते. तो घडी पडून खाली बसतो.) हा लिंबूसत्त्वाचा, तीन धुण्यांनंतरचा. लोण्यासारखा नाही, आधीच सांगते. पण अंग पुसतो. दिरानं परत एकदाही तक्रार केलेली नाही, आणि आमच्यात तीच शाबासकी.

सासूबाईंचं मात्र एकच, “वास गेला गं.” मग कपाटात वाळ्याची एक जुडी आणि कापूरकाचरीची पुरचुंडी ठेवली. आता साड्यांना येतो तो वास त्यांच्या माहेरचा आहे म्हणतात. निळी बाटली अर्धी उरलीय. मोरीत ओतून देऊ नका तुम्ही तुमची. मी ती पडद्यांना आणि चरचरून अंगाला चिकटणाऱ्या सिंथेटिक साड्यांना संपवतेय, त्यांना कुठं काही पुसायचं असतं.