पॉवर-प्रूफ चिलखत द्या, पण खेळाडूचा टर्न खाऊ नका

(टेबलावर फासे, मागे पुठ्ठ्याचा जीएम स्क्रीन. थेट कॅमेऱ्याकडे बघत.)

नमस्कार मंडळी. आज आधी एक कबुली. काही महिन्यांपूर्वी एका रोलप्लेइंग गेममध्ये जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या, खुर्चीत बसून मी आमच्या टेबलावरच्या एका मैत्रिणीचा अख्खा शनिवार वाया घालवला. तिचं कॅरेक्टर टेलिपाथ, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरणारं. बंदूक नाही, तलवार नाही, जे काय आहे ते डोक्यात. आणि मी खलनायकाला काय चढवलं? सायकिक, म्हणजे मनाच्या, शक्ती अजिबात न लागणारं चिलखत. पहिल्या टर्नला तिने हल्ला केला. मी म्हणालो, "लागत नाही." दुसऱ्या टर्नलाही तेच. तिसऱ्या टर्नला ती चहा टाकायला उठली. चहा झकास झाला होता, पण ती काही चहा करायला आली नव्हती.

सायन्स फिक्शन गेममध्ये हे चिलखत कधी ना कधी येतंच. जादूगाराच्या जागी सायकिक असतो आणि त्याला आवर घालायला काहीतरी हवं असतं. माझं म्हणणं एवढंच, की रोखण्याची किंमत चिलखत घालणाऱ्याने दर फटक्याला मोजली पाहिजे. फुकटात रोखलं की समोरच्याचा टर्न मेला.

हे गणित एका जुन्या गेमने फार सुंदर सोडवलंय. स्टार फ्रंटियर्स, 1982, टीएसआर कंपनीचा. डंजन्स अँड ड्रॅगन्सवाली तीच टीएसआर. त्यात कमरेला पॉवर बेल्टपॅक बांधायचा, त्यात 50 एसईयू ऊर्जा (एसईयू हे गेममधलं ऊर्जेचं एकक). त्यावर अल्बेडो स्क्रीन, म्हणजे अंगाभोवतीचं ऊर्जेचं कवच, चालवायची. ही स्क्रीन लेझर पूर्ण शोषते. ऐकायला अजिंक्य वाटतं ना? आता बिल बघा. दर 5 पॉइंट डॅमेजला 1 एसईयू.

आणि समोरचा? त्याच्या लेझर पिस्तुलात प्रत्येक एसईयूमागे एक दहापैलू फासा पडतो, म्हणजे सरासरी साडेपाच डॅमेज. मारणारा एक युनिट जाळतो, अडवणारा एकाहून जरासंच जास्त. जवळपास बरोबरीचा सौदा! पिस्तूल फुल्ल सेटिंगवर, 10 एसईयूवर मारलं तर सरासरी 55 डॅमेज. साधारण कॅरेक्टरचा स्टॅमिना, म्हणजे मार सोसायची ताकद, 45च्या आसपास, म्हणजे स्क्रीन नसेल तर माणूस आडवा. स्क्रीन असेल तर 11 एसईयू गेले. असे चार शॉट, 44 खलास. पाचवा आत येतो.

म्हणजे मारणाऱ्याचा एकही टर्न फुकट गेला नाही. प्रत्येक शॉटने समोरच्याच्या कमरेची बॅटरी उतरली, आणि तीच बॅटरी त्याला इतर गोष्टींनाही हवी होती. शिवाय एका वेळी एकच स्क्रीन. अल्बेडो लावली की बंदुकीच्या गोळीला छाती उघडी. गोळीसाठी इनर्शिया स्क्रीन, ती वेगळी.

आता उलटं उदाहरण. फँटसी फ्लाइटचा स्टार वॉर्स रोलप्लेइंग गेम. लाइटसेबरची खरी ताकद त्याच्या डॅमेजच्या आकड्यात नाहीच. साध्या सेबरचा आकडा 6, ब्लास्टर रायफलचा 9! ताकद आहे ब्रीच या गुणात. ब्रीच 1 म्हणजे समोरच्याचा 10 सोक (डॅमेजमधून वजा होणारा आकडा) रद्द, थोडक्यात माणसाच्या अंगावरचं चिलखत नसल्यासारखंच. मग येतं कॉर्टोसिसचं चिलखत, आणि ते ब्रीचच बंद करतं. सोक 7 असलेला आडदांड गडी धरा. सेबर 6, वर फाशांवर पडलेले दोन सक्सेस, दर सक्सेसला एक डॅमेज, झाले 8. कॉर्टोसिस नसेल तर आठच्या आठ लागतात. असेल तर एक. सक्सेस एकच पडला तर शून्य, आणि डॅमेज आत गेलं नाही तर क्रिटिकल, म्हणजे जबर जखम, तीही नाही. एका गुणापायी डॅमेज आणि क्रिटिकल दोन्ही गेले, आणि चिलखतवाल्याने लढाईत दमडीही मोजली नाही. मी हे चिलखत देतो, पण मोहिमेत एकदाच, आणि ते येतंय हे खेळाडूंच्या कानावर दोन सेशन आधी घालतो.

(फासे हातात घेत.)

आता सगळ्यात जास्त भांडणं होतात तो प्रश्न. चिलखत शक्ती अडवतं, की शक्तीचा परिणाम? ट्रॅव्हलरमध्ये टेलिपथी अडवणारं हेल्मेट आहे. ठीक, मनात शिरता येत नाही. पण टेलिकायनेसिसने, म्हणजे मनाच्या जोरावर, उचललेला दगड डोक्यात घातला तर? दगड हा दगडच. माझ्या टेबलावर तो लागतो. हिरण्यकशिपूचा वर आठवा: घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको. खेळाडू चिलखताची मागणी अशीच लिहून आणतात! तुम्ही जीएम असाल तर उंबरठा कुठे आहे ते आधीच कागदावर लिहून ठेवा, ऐन वेळी शोधायला गेलात तर वाद ठरलेला. आणि हो, चिलखत सगळंच अडवत असेल तर दोस्ताची जखम भरणारी शक्तीही अडते. हे ऐकलं की निम्मे खेळाडू मागणी मागे घेतात.

फाशांचं थोडंसं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2000 सालच्या आवृत्तीत आधी स्पेल रेझिस्टन्स, म्हणजे मंत्र अंगाला लागूच न देणारी ताकद, भेदायचा, मग बऱ्याच मंत्रांना वर सेव्हिंग थ्रो, म्हणजे समोरच्याने मंत्रातून वाचायला टाकलेला फासा. दोन्हीकडे निम्मी शक्यता धरली तर मंत्र चालण्याची शक्यता 25 टक्के. 2014च्या आवृत्तीत मॅजिक रेझिस्टन्स म्हणजे सेव्हला दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा. निम्म्या शक्यतेचा सेव्ह धरला तर इथेही बरोबर 25 टक्के! पण टेबलावर फरक जाणवतो. पहिल्यात दोन दारं, आणि पहिल्याच दारात "आत घेतच नाही" ऐकायला मिळतं. दुसऱ्यात फासे एकदाच पडतात, सगळे वाकून बघतात, आणि जीव लागतो.

मग मी काय केलं? तोच खलनायक, तेच चिलखत, पुन्हा आणलं. फक्त आता चिलखताला 20 पॉइंटचा सेल, म्हणजे बॅटरी. मैत्रीण हल्ल्यात जेवढे सायकिक पॉइंट घालेल तेवढे सेलमधून जाणार. सेल निम्म्याच्या खाली गेला की चिलखत गुणगुणायला लागणार, सगळ्यांना ऐकू येईल असं. आणि सेल बदलायला त्याचा एक पूर्ण टर्न.

तिने पहिल्या टर्नला 6 घातले, दुसऱ्याला 8. मी तोंडाने गुणगुणायला सुरुवात केली. खलनायक खांबामागे सेल बदलायला वळला, आणि ती शेजारच्या रायफलवाल्याला म्हणाली, "आत्ता!"

त्या शनिवारी चहा मी केला.